राजकोट ते कोसबाड : ताराबाई मोडक आणि शिक्षकाचे शिक्षण

१

भारतीय भाषांतील आधुनिक गद्य आणि शिक्षक तयार करणाऱ्या संस्था ही दोन्ही एकाच काळाची अपत्ये आहेत, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. मुंबईत १८४५ साली मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारा नॉर्मल क्लास निघाला, तेव्हा त्याची धुरा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. कलकत्त्यास १८५५ साली निघालेले नॉर्मल स्कूल ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या देखरेखीखाली होते आणि त्याचे मुख्याध्यापकपद अक्षयकुमार दत्त यांनी सांभाळले. ज्यांनी मराठी व बंगाली गद्याला वळण लावले त्यांच्याच हाती शिक्षकांचे शिक्षण असावे, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. नवी शाळा, नवे क्रमिक पुस्तक आणि नवी प्रमाणभाषा यांची सांगड घालणारा माणूस म्हणजे शिक्षक. तेव्हा त्याला घडवणे हे भाषा घडवण्याचेच एक अंग होते. या शिक्षणाची दिशाही स्पष्ट होती. पुस्तकातील भाषा शिक्षकाने आत्मसात करावी आणि ती मुलापर्यंत पोहोचवावी, अशी ती दिशा होती.

या दिशेच्या उलट चालत गेलेल्या एका स्त्रीचे चरित्र येथे मांडावयाचे आहे. ताराबाई मोडक यांचे नाव महाराष्ट्रात आणि गुजरातेत बालशिक्षणाच्या संदर्भात आदराने घेतले जाते. बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द त्यांच्या कार्याशी निगडित आहेत, हेही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु बालशिक्षणाची प्रवर्तक एवढीच त्यांची ओळख ठेवली तर त्यांच्या आयुष्याचा निम्मा अर्थ हातचा जातो. पन्नास वर्षांच्या त्यांच्या उद्योगात मुलांना शिकवण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ शिक्षकांना शिकवण्यात गेला. राजकोट, भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड अशी त्यांची ठिकाणे बदलत गेली, आणि प्रत्येक ठिकाणी होऊ घातलेला शिक्षक आणि मूल यांच्यातील अंतर थोडे थोडे कमी होत गेले. त्याबरोबरच शिक्षकाने शिकावयाची भाषाही बदलत गेली. शिक्षकाचे शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमाने व्हावे, या प्रश्नाआधी ते कोठे आणि कोणाच्या भाषेत व्हावे हा प्रश्न येतो, हे या चरित्रातून उमगते.

२

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. त्यांनी विधवा असलेल्या उमाबाईंशी विवाह केला होता. सुधारणेची किंमत घरातच मोजली जात असलेली पाहत वाढलेली ही मुलगी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. त्या काळी पदवीधर स्त्रिया फार थोड्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील निर्णयांचे वजन कळते. १९१५ साली अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. काही वर्षांतच विभक्त होऊन, लहान मुलीला बरोबर घेऊन, ताराबाईंना आपला चरितार्थ आपणच चालवण्याची वेळ आली.

अशा वेळी राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. काठियावाडातील मुलींच्या शाळांना शिक्षिका पुरवणारी ही संस्था. पद प्रतिष्ठेचे आणि स्थैर्य देणारे होते. एकट्या स्त्रीला त्याहून अधिक सुरक्षित काही मिळणे त्या काळी अवघडच होते.

त्या काळातील अध्यापन विद्यालयांचा क्रम ठरलेला असे. शालेय विषयांची उजळणी, अध्यापनपद्धतीची व्याख्याने, पाठाचे टाचण, जोडलेल्या सरावशाळेत दिलेले पाठ आणि शेवटी परीक्षा. पाठ कसा घेतला यावर शिक्षिकेची परीक्षा होई. मुलाने काय घेतले याचा विचार तिच्या टाचणात क्वचितच डोकावे. मूल हे या साऱ्या व्यवस्थेत उपस्थित असे, परंतु श्रोता म्हणून. हा दोष एका राजकोटच्या विद्यालयाचा नव्हता. नॉर्मल क्लासपासून चालत आलेल्या साऱ्या व्यवस्थेचाच तो स्वभाव होता, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर तो आजही पुरता गेलेला नाही.

स्वतःच्या मुलीला कसे वाढवावे हा प्रश्न समोर असतानाच ताराबाईंना मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांची ओळख झाली, आणि जवळच भावनगरात गिजुभाई बधेका या विचारांना प्रत्यक्ष रूप देत आहेत हेही कळले. १९२३ साली त्यांनी राजकोटचे पद सोडले आणि त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. शिक्षिका घडवणाऱ्या विद्यालयाची प्राचार्य एका बालमंदिरात साध्या कार्यकर्तीप्रमाणे शिकायला गेली. वेतन आणि अधिकार या दोन्ही दृष्टींनी ही उतरण होती. ताराबाईंच्या पुढच्या साऱ्या कार्याचा उगम या उतरणीत आहे असे मला वाटते. शिक्षकांना शिकवण्याचा अधिकार पदाने मिळत नाही, तो मुलाजवळ बसून मिळवावा लागतो, हे त्यांनी कोठे लिहिण्यापूर्वी आचरून दाखवले.

३

भावनगरची दक्षिणामूर्ती संस्था १९१० साली विद्यार्थिभवन म्हणून सुरू झाली होती. नानाभाई भट्ट हे तिचे संस्थापक. वकिली सोडून गिजुभाई १९१६ साली तिच्यात आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. दोन वर्षांनी टेकडीवरच्या नव्या वास्तूत ते गेले; त्या वास्तूचे उद्घाटन कस्तुरबा गांधींनी केले होते. दाढीमिशांच्या या वकिलाला गुजरातने ‘मिशाळ आई’ म्हणून ओळखले, ही गोष्ट त्यांच्या कार्याची जात सांगून जाते.

१९२५ साली दक्षिणामूर्तीत अध्यापन मंदिर सुरू झाले. त्याचा विशेष असा की ते बालमंदिराच्या अंगणातच होते. मूल सरावासाठी आणले जात नव्हते. मुलांचा दिवस आपल्या क्रमाने चालू असे आणि होऊ घातलेल्या शिक्षकाला त्यात आपली जागा शोधावी लागे. पाहणे हा या शिक्षणाचा पहिला विषय होता. मूल एखादे साधन किती वेळ हाताळते, केव्हा सोडते, कोणत्या शब्दाशी अडखळते, हे न बोलता, मध्ये न पडता पाहणे प्रौढ माणसाला फार कठीण जाते. विशेषतः आपल्याला शिकवता येते अशी ज्याची खात्री आहे त्याला तर फारच. तेव्हा हे शिक्षण काहीसे विसरण्याचेही शिक्षण होते. शिक्षकाच्या अंगी मुरलेली छडी, दरडावणी, बक्षिसाचे आमिष यांच्यापासून त्याला सोडवणे हे नवी पद्धत शिकवण्यापेक्षा अवघड होते. गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ ही शिक्षणकथा लिहिली ती याच अनुभवाच्या बळावर. तिच्यातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांसमोर सपशेल फसतो आणि मग गोष्टीच्या वाटेने वर्गात प्रवेश मिळवतो. शिक्षकाच्या घडणीची कथा त्याच्या फजितीपासून सुरू व्हावी, ही या पुस्तकातील खरी सूक्ष्म दृष्टी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. दक्षिणामूर्तीच्या शिक्षणात गोष्ट सांगणे हा अलंकार नव्हता, तो एक स्वतंत्र विषय होता. गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याच्या कलेचे शास्त्र सांगणारे ‘वार्तानुं शास्त्र’ हे गुजराती पुस्तक लिहिले. याच दशकात झवेरचंद मेघाणी सौराष्ट्राच्या लोककथा गोळा करून ‘सौराष्ट्रनी रसधार’चे खंड प्रसिद्ध करीत होते. एकाच भूमीत, एकाच काळात, लोकवाङ्मयाची एक शाखा ग्रंथालयाकडे निघाली होती आणि दुसरी बालमंदिराकडे. दोहोंनाही बोलीचे मोल कळले होते. शिक्षकाने गोष्ट वाचून न दाखवता सांगावी, म्हणजे तिचे शब्द मुलाच्या कानाला जुळवून घेत जावी, हा आग्रह त्याला बोलीकडे नेणाराच होता.

ताराबाईंची मातृभाषा मराठी. गुजराती त्यांनी कामाची भाषा म्हणून आत्मसात केली, आणि ती इतकी की गिजुभाईंच्या जोडीने त्यांनी गुजराती ‘शिक्षण पत्रिके’चे संपादन केले आणि मुलांसाठी व पालकांसाठी गुजरातीत विपुल लेखन केले. १९२६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे नूतन बालशिक्षण संघ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेची जबाबदारीही त्यांच्यावर होती. जी व्यक्ती प्रौढपणी दुसऱ्या भाषेत जाते, तिला भाषेत नवखे असणे म्हणजे काय हे नव्याने कळते. शब्द ठाऊक असूनही तोंडातून न येणे, आपल्या चुकीला कोणी हसेल की काय ही धास्ती, एखादा माणूस आपल्यासाठी सावकाश बोलला म्हणजे वाटणारी कृतज्ञता, हे सारे शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाचे अनुभव आहेत. ताराबाईंच्या पुढील आयुष्यात जे भाषिक औदार्य दिसते, त्याची पूर्वतयारी या नऊ वर्षांत झाली असावी असे अनुमान करावयास जागा आहे.

४

१९३२ साली ताराबाईंनी भावनगर सोडले. मुंबईस परतल्यावर त्यांनी मराठीत नवे घर उभे केले. १९३३ साली ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत निघू लागली. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले आणि त्याच्याशी जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही आले. भावनगरचा मूळ विचार येथेही कायम होता, तो असा की बालमंदिर आधी आणि अध्यापन मंदिर त्याच्या आश्रयाने. व्यावसायिक अध्यापन विद्यालये या क्रमाच्या उलट चालतात, म्हणजे आधी महाविद्यालय काढतात आणि मग सरावासाठी शाळा शोधतात.

या काळातील एका घटनेचा उल्लेख आवश्यक आहे. गिजुभाई २३ जून १९३९ रोजी निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, स्वतः मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी आपला पहिला भारतीय प्रशिक्षणवर्ग घेतला. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि अनेक भारतीय शिक्षकांनी त्यांच्याकडून थेट दीक्षा घेतली. म्हणजे भावनगर आणि दादर येथे जे शिक्षक घडले ते मूळ गुरूच्या प्रमाणपत्राविना घडले होते. एका परीने हे अनुवादाचेच उदाहरण आहे. मूळ ग्रंथकर्त्याची अनुमती आणि देखरेख नसताना, आपल्या भाषेच्या गरजेने केलेला अनुवाद कधी शिथिल होतो, कधी मात्र मुळापेक्षा मोकळा श्वास घेतो. रोममधील मजूरवस्तीत १९०७ साली जन्मलेली ही पद्धत महागड्या साधनांमुळे जगभर सुखवस्तू घरांकडे वळली होती. दादरचे शिशुविहारही मध्यमवर्गीय वस्तीतच होते. ताराबाईंना हे खटकत होते. ज्या मुलांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती ती त्यांच्या शिशुविहारात नव्हती, आणि ज्या शिक्षिका येथे घडत होत्या त्यांना ती मुले कधी दिसणारही नव्हती.

वर्धा योजनेने १९३७ साली जे शिक्षण मांडले ते सात वर्षांच्या पुढील मुलांचे होते. गांधीजींनी १९४४ नंतर नयी तालीमची कक्षा जन्मापासून मरणापर्यंत विस्तारली, तेव्हा पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार पुढे आला. गावातल्या लहान मुलाला कमीत कमी खर्चात बालशिक्षण कसे द्यावे हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. दुसऱ्यांदा त्यांनी बसलेली घडी मोडली.

५

बोर्डी हे समुद्रकाठचे गाव. आचार्य भिसे यांच्या परिश्रमाने तेथे शिक्षणाची परंपरा निर्माण झाली होती. भाषेच्या दृष्टीने हा मुलूख सीमेवरचा. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा शेजारचा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला आणि डहाणू महाराष्ट्रात राहिला. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा ताराबाईंच्या होत्या. परंतु ज्या मुलांसाठी त्या आल्या त्यांपैकी बहुतेकांच्या घरी या दोहोंपैकी कोणतीच प्रमाण रूपात बोलली जात नव्हती. वारली मुलाची बोली ही त्यांच्या आयुष्यातील तिसरी भाषा ठरली.

बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि आदिवासी मुले आली नाहीत. याची कारणे अज्ञानात शोधण्याची सवय सुशिक्षितांना असते. परंतु ते वर्ष १९४५ चे होते. याच भागात, तलासरी, उंबरगाव आणि डहाणूच्या पट्ट्यात, वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबवून घेणाऱ्या लग्नगडी प्रथेविरुद्ध लढा पुकारला होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी ठार झाले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले आणि त्यास १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच मुलखात, एकाच वर्षी दोन सुशिक्षित स्त्रिया आल्या होत्या. एकीने बापाच्या मानेवरचे जू पाहिले, दुसरीने मुलाच्या रिकाम्या दिवसाकडे पाहिले. या दोन दृष्टी एकमेकींना पूरक होत्या असे आज सहज म्हणता येते. परंतु हेही मान्य केले पाहिजे की जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बालवाडीने सुटणारा नव्हता, आणि बालवाडीच्या वाङ्मयात त्याचा आवाज क्षीणच राहिला.

मुले येत नाहीत हे पाहून ताराबाईंनी काढलेला मार्ग साधा होता. बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी. आदिवासींच्या पाड्यावर, झोपडीसमोरच्या मोकळ्या जागेत, झाडाच्या सावलीत शिक्षिका जाऊन बसू लागली. हीच अंगणवाडी. इमारत, बाके, तक्ते हे सारे मागे राहिले. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या, माती ही साधने झाली. मॉन्टेसरींच्या साधनांमागील तत्त्व तेवढे उचलले गेले. हाताने हाताळता येईल, लहानमोठे लावता येईल, मोजता येईल अशी वस्तू मुलाला हवी असते आणि ती पाड्यावर जागोजाग पडलेली असते.

या बदलाचा शिक्षकाच्या शिक्षणावर काय परिणाम झाला हे फारसे सांगितले जात नाही. अंगणात बसलेली शिक्षिका यजमान नसते, ती पाहुणी असते. शाळेच्या खोलीत मुलाला तिच्या नियमांनी वागावे लागते. अंगणात तिला मुलाच्या घरच्या रीतींनी वागावे लागते. मुलाची आजी दारात बसून ऐकत असते. कोंबडी मध्येच येते. मूल कंटाळले की उठून घरात जाते, आणि त्याला परत आणण्यासाठी शिक्षिकेपाशी तिच्या गोष्टीखेरीज दुसरे काही नसते. येथे टाचण चालत नाही. मुलाचा शब्द कळला नाही तर तो शेजारी बसलेल्या आईला विचारावा लागतो. शिक्षिकेने पालकाला विचारून शिकणे, हा भारतीय शिक्षकप्रशिक्षणाच्या इतिहासातील लहानसा परंतु मूलगामी पालट आहे.

६

या कामात ताराबाईंना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. अनुताई १९१० सालच्या; बालवयातच वैधव्य आलेल्या; कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. बोरिवली येथील कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि १९४५ पासून अनुताई ताराबाईंच्या झाल्या. पदव्या, घराणे, अनुभवाचे क्षेत्र या सर्वच बाबतींत दोघींत अंतर होते. परंतु ताराबाईंनी आपल्या सहकारिणीला साहाय्यकाच्या जागी अडकवून ठेवले नाही. पुढे कोसबाडचे कार्य अनुताईंच्या नावाने ओळखले जाऊ लागले, यात गुरूचे यश आहे. शिक्षक घडवण्याच्या कलेचा हा पुरावा कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही.

१९५७ साली संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेली. भावनगरच्या टेकडीवर ताराबाई गिजुभाईंकडे शिकायला गेल्या होत्या; पस्तीसेक वर्षांनी त्या दुसऱ्या टेकडीवर चढल्या, तेव्हा वय पासष्ट होते. कोसबाडला वारली वस्ती भोवतीच होती. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी विकासवाडी आकारास आली. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी भावंडासह येऊ लागली. पाळणाघर आणि शाळा यांत भिंत नसल्याने तिला दोन्ही साधले. जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली; शिक्षक गुरांमागे कुरणात गेला. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग झाले. शाळेत न येणाऱ्या मुलाला दोष न देता त्याच्या दिवसाचा क्रम समजून घ्यावा आणि शाळेचा क्रम त्यानुसार बदलावा, हे या साऱ्यामागील एकच सूत्र होते. बालवाडीच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण या उद्योगाच्या मध्यभागी चाले, त्यामुळे शिकाऊ शिक्षिकेसमोर अनुपस्थित मूल हाही अभ्यासाचा विषय असे.

या कार्याच्या मर्यादाही नोंदवावयास हव्यात. अंघोळ, नखे, केस यांवर जो भर होता त्यात आरोग्याचा विचार होता तसा मध्यमवर्गीय टापटिपीचा संस्कारही होता. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या घराला तो नेहमीच न्याय देणारा नव्हता. वारली बोलीला आदराने जागा मिळाली, परंतु मुख्यतः मराठीकडे जाणारी पायरी म्हणून. त्या बोलीत स्वतंत्र शिक्षण व्हावे ही मागणी त्या काळाच्या क्षितिजावर फारशी नव्हती. आणि हे सारे कार्य काही असाधारण व्यक्तींच्या आयुष्यभराच्या त्यागावर उभे होते. त्याग हा व्यवस्थेचा पाया होऊ शकत नाही. तो पाया मानला की पुढच्या पिढीच्या शिक्षिकेला वेतनाऐवजी कौतुक देण्याची सोय होते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या.

७

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. डहाणूच्या पाड्यावरचा शब्द भारतातल्या बहुतेक भाषांत गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एवढा प्रवास केलेले शैक्षणिक शब्द आपल्याकडे थोडेच असतील. परंतु शब्द गेला त्याबरोबर शिक्षण गेले नाही. अंगणवाडीच्या शिक्षिकेकडे आहारवाटप, वजनाची नोंद, लसीकरणाची यादी, सर्वेक्षणे आली आणि गोष्ट सांगण्याचा वेळ आक्रसत गेला. तिच्या वेतनाला अजूनही मानधन म्हणतात. मानही पुरता नाही आणि धनही पुरते नाही अशा या शब्दाखाली तिची सेवा चालते. तिला उपदानाचा हक्क आहे हे ठरवण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला.

शिक्षकांच्या शिक्षणाची व्यापक स्थितीही फार वेगळी नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापन महाविद्यालयांच्या एकाकीपणावर बोट ठेवले होते. ती विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेली आहेत असे त्याचे निदान होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ साली दिलेल्या अहवालाचा आधार घेऊन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० असे नमूद करते की स्वतंत्रपणे चालणाऱ्या दहा हजारांहून अधिक अध्यापक-शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षण देत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. याच धोरणात अंगणवाडी कार्यकर्तींसाठी सहा महिन्यांचा वा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे आणि तो दूरस्थ पद्धतीने, मोबाईलद्वारेही, देता येईल असे म्हटले आहे. महिन्यातून किमान एकदा संपर्कवर्ग व्हावा अशी अपेक्षा आहे. लाखो स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावरील हा उपाय उपहासास पात्र नाही. परंतु ताराबाईंच्या वाटचालीशी तो ताडून पाहिला तर एक उणीव स्पष्ट दिसते. ताराबाई प्रशिक्षकाला मुलाच्या जवळ आणत गेल्या. येथे शिक्षिका मुलाजवळ आहेच. दूर आहे तो तिला शिकवणारा.

यावरून निघणारे धडे थोडे आहेत. शिक्षकांना शिकवणाऱ्याने स्वतः ठरावीक काळ लहान मुलांत काम करावे, आणि तेही पाहणीस आलेला अधिकारी म्हणून नव्हे. प्रशिक्षणसंस्था चालत्या शाळेच्या आश्रयाने वाढावी. शाळेत न येणारे मूल हा अभ्यासक्रमाचा विषय असावा. आणि चौथा धडा, जो या पत्रिकेच्या वाचकांना सर्वांत जवळून लागू पडतो, तो भाषेचा आहे. शिकाऊ शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांच्या बोलीतील शब्द, गोष्टी, कोडी, बडबडगीते गोळा करावी आणि त्यांच्याकडे दुरुस्त करावयाच्या चुका म्हणून न पाहता शिकवण्याचे साहित्य म्हणून पाहावे.

हे काम अध्यापन महाविद्यालयांना एकट्याने करता येणार नाही. त्यासाठी लागणारी विद्या, म्हणजे बोलींचा अभ्यास, लोककथांचे वर्गीकरण, कथनाचे शास्त्र, अनुवादाची जाण, ही आपल्या भाषाविभागांत आहे. जांभेकर आणि विद्यासागर यांच्या काळी भाषेचा पंडित आणि शिक्षकांचा शिक्षक हे एकाच आसनावर बसत. पुढे ही दोन घरे वेगळी झाली, इतकी की एकाच विद्यापीठाच्या आवारात वर्षानुवर्षे राहूनही ती परस्परांना ओळखत नाहीत. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने लोककथेवर प्रबंध लिहिला तर तो ग्रंथालयात जातो. त्याच जिल्ह्यातील अंगणवाडीच्या शिक्षिकेपर्यंत त्यातील एकही गोष्ट जात नाही. कोसबाडला हे अंतर दोन स्त्रियांनी, फारशी साधने हाती नसताना, आपल्या परीने कमी केले होते. आपल्यापाशी विभाग आहेत, ग्रंथालये आहेत, विद्यार्थी आहेत. निदान जवळच्या एका अंगणवाडीपासून सुरुवात करण्यास कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहावी लागू नये.